तसबिरीतील लक्ष्मीचा चित्रकार

जुना वाडा रिकामा होऊ लागला की माळ्यावरून बहुधा एक वस्तू खाली येते. हातभर उंचीची, पेटीसारखी खोलगट लाकडी चौकट. पुढे काच, मागे फळी. काच पुसली की आत कमळावर उभी असलेली लक्ष्मी दिसू लागते. जवळ जाऊन पाहिले तर ध्यानात येते, की तिचा चेहरा, चार हात आणि पावले तेवढी कागदावर छापलेली आहेत. नेसूचे लुगडे खऱ्या रेशमाचे, त्याला खऱ्या जरीची किनार, गळ्यात बारीक काचमण्यांचे सर आणि मुकुटावर बेगड. अहिल्यानगरच्या जुन्या पेठांतील वाडे असोत की गिरगावातील चाळी, स्वतंत्र देवघराला जागा नसलेल्या बिऱ्हाडात भिंतीवरची अशी तसबीर हेच देवघर असे. तिच्यापुढे समई लागे, शुक्रवारी हळदकुंकू वाहिले जाई.

या लक्ष्मीला लुगडे नेसवणाऱ्या हातांचे नाव कुठेही लिहिलेले नसते. चेहरा ज्यांच्या कुंचल्यातून उतरला ते मात्र सर्वपरिचित आहेत. राजा रविवर्मा यांचे चरित्र बहुधा राजवाड्यांतील तैलचित्रांच्या अंगाने सांगितले जाते. या काचेच्या पेटीकडून त्यांच्याकडे पाहिले, तर त्याच आयुष्याचा वेगळाच आकार दिसतो.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किलिमानूर येथे झाला. घराण्याचे राजघराण्याशी सोयरेसंबंध होते, घरात काव्य-संगीताचे वातावरण होते. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. हे मामा राजराज वर्मा तंजावर शैलीत चित्रे काढीत. या शैलीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या आश्रयाने ती भरभराटीला आली. लाकडी फळीवर कापड ताणायचे, त्यावर खडू आणि डिंकाच्या लेपाने दागिने, महिरपी उठावदार करायच्या, त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि मधूनमधून रंगीत काचखडे जडवायचे, असा हा प्रकार. चित्र आणि जडावकाम यांच्या सीमेवरची ही कला मुळातच देवघरासाठी होती. अंधाऱ्या गाभाऱ्यात दिव्याच्या उजेडाने सोने चमकावे, हा तिचा हेतू.

मुलगा त्या वाटेने गेला नाही. १८६२ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो त्रिवेंद्रमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात आला आणि तेथे त्याने तैलरंग पाहिले. हे माध्यम तेव्हा नवे होते आणि ते अवगत असलेले लोक आपली विद्या सहजासहजी सांगत नसत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी शिकविण्याची तयारी दाखवली नाही. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला, त्यानेही काम करताना पाहण्याची तेवढी मुभा दिली. रविवर्मा पाहून पाहून आणि चुकून चुकून शिकले. रंग किती घट्ट घ्यावा, तो वाळण्याआधी दुसरा कसा मिसळावा, कातडीवरचा उजेड कसा पकडावा, हे सारे त्यांना स्वतःच शोधावे लागले. १८७३ मध्ये व्हिएन्ना येथील प्रदर्शनात त्यांच्या, केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला पारितोषिक मिळाले, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

त्यांचे खरे कसब होते ते वस्त्रांत. सोन्याचा कणही न वापरता ते जर रंगवीत. रेशमाची चुणी, मोत्यावरचा ठिपक्याएवढा उजेड, पदराच्या काठावरची झाक हे सारे साध्या रंगांतून उभे राही. मामांच्या चित्रात सोने खरे होते आणि चेहरा ठरीव. भाच्याच्या चित्रात चेहरा जिवंत झाला आणि सोने रंगांत विरघळले.

१८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ निवर्तले आणि त्रावणकोरचा आश्रय सैल झाला. पुढील वळण मराठी मुलखाकडे जाते. त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे दक्षिणेतील मराठी ब्राह्मण. त्यांच्यामुळे रविवर्मा सयाजीराव गायकवाडांच्या राज्यारोहणाच्या सुमारास बडोद्याला पोचले. पुढे महाराजांनी पुराणातील प्रसंगांवर चौदा चित्रे सांगितली. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा देशभर हिंडले. प्रश्न साधा होता आणि अवघडही: सीता, दमयंती, लक्ष्मी यांनी नेसावे काय? प्रांताप्रांताचा पेहराव निराळा. उत्तर साडीत सापडले आणि तिच्या नेसणीवर मराठी वळणाचा ठसा उमटला. मुंबईतील रंगभूमीही त्यांनी पाहिली होती. त्यांच्या नायिका उभ्या राहतात त्यात नाटकाचा पडदा नुकताच वर गेल्याचा भास होतो, हे मान्य करायला हवे.

ही चित्रे बडोद्यात आणि मुंबईत लोकांसाठी खुली ठेवली गेली, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटली. राजवाड्यातील चित्र सामान्य माणसाने पाहावे, ही गोष्टच नवी होती. पाहून परतणाऱ्या माणसाला ते घरी हवेसे वाटे आणि तैलचित्र तर संस्थानिकांनाच परवडणारे. रविवर्मांनी आपली चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला माधवरावांनी बराच आधी दिला होता. रविवर्मांनी प्रती युरोपातून मागविण्याऐवजी छापखानाच आणला. १८९४ मध्ये मुंबईत, गिरगाव भागात, जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर यांच्या साह्याने तो सुरू झाला. पहिल्या छपाईचा मान शकुंतलेच्या जन्माच्या चित्राला मिळाला.

शिळाप्रेसची ही पद्धत कष्टाची होती. चित्रातील प्रत्येक रंगासाठी निराळी दगडी शिळा, प्रत्येक शिळेवर उलटे रेखाटन, आणि तोच कागद एकामागून एक शिळेखाली जाणार. एक रंग केसभर सरकला तरी लक्ष्मीचे ओठ हनुवटीवर येत. शेवटी वर वार्निशचा हात दिला की कागदाला तैलचित्राची चमक येई. लक्ष्मी, सरस्वती, राम पंचायतन, विश्वामित्र-मेनका ही चित्रे अशी घरोघर पोचली. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्याही झोपडीत आता देवाचे तेच रूप असू शकत होते, जे महाराजांच्या दिवाणखान्यात होते. या चित्रकाराची गणना नुसती चित्रकारांत करून भागत नाही, ती या कारणाने.

येथून पुढची गोष्ट छापखान्याने नव्हे, घरांनी घडवली. आणलेली छबी तशीच टांगली गेली नाही. तिच्या साडीच्या आकाराचा रेशमाचा किंवा खणाचा तुकडा कापून तो खळीने चिकटवला गेला. चेहरा, हात, पाय उघडे राहतील अशी कात्री बेताने चालवायची. निऱ्यांच्या जागी कापडालाच बारीक चुण्या घालायच्या. काठावर जर टाचायची, दागिन्यांच्या रेषांवर काचमणी आणि टिकल्या शिवायच्या, मुकुटावर बेगड डकवायची. गौरी-गणपतीचे मखर करणाऱ्या हातांना हे काम अपरिचित नव्हते. काही ठिकाणी घरातील स्त्रिया ते करीत, काही ठिकाणी कारागिरांकडून करून घेतले जाई. मण्यांच्या जाडीमुळे काच कागदाला टेकेना, म्हणून चौकट खोल करावी लागली आणि साधी तसबीर पेटीच्या देव्हाऱ्यात बदलली. देवाला उघड्या कागदावर ठेवणे मनाला पटत नसावे. मूर्तीला वस्त्र नेसवायचे, तर छबीलाही नेसवायचे, इतका सरळ तो विचार आहे.

यातला विरोधाभास मात्र विलक्षण आहे. ज्या रंगवलेल्या रेशमासाठी रविवर्मांनी पंचवीस-तीस वर्षे झिजवली, नेमके तेच खऱ्या रेशमाखाली झाकले गेले. मामांच्या तंजावर चित्रांतील वर्ख आणि खडे, जे त्यांनी मागे टाकले होते, ते परक्या घरांतून त्यांच्याच चित्रावर परतले. कुणी हात लावला नाही तो केवळ चेहऱ्याला. त्यावर बेगड चढवण्याचे धाडस कुणालाही झाले नाही.

छापखान्याने रविवर्मांना कीर्ती दिली, पैसा दिला नाही. भागीदारी टिकली नाही, प्लेगच्या साथीने मुंबईतील कामगार पांगले, कर्ज वाढत गेले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवला गेला. तेथेही निभाव लागेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाला विकला आणि त्याबरोबर आपल्या अनेक चित्रांचे मुद्रणहक्कही दिले. त्यानंतर कोणते चित्र कसे निघावे यावर त्यांचा ताबा उरला नाही. त्यांच्या देवता कापडाच्या गाठींवरील लेबलांवर आणि काडेपेट्यांवर उतरल्या. मळवलीच्या याच छापखान्यात दादासाहेब फाळके काही काळ काम करीत होते. पुढे त्यांनी पडद्यावर देव हलते-बोलते नव्हे, पण निदान हलते तरी केले.

१९०५ च्या जानेवारीत राजराज वर्मा गेले. प्रवासात, हिशेबात आणि प्रत्यक्ष चित्रांतही सोबत असलेला हा भाऊ गेल्यावर रविवर्मा खचले. मधुमेहाने शरीर आधीच पोखरले होते. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूर येथे त्यांचे निधन झाले. लगोलग कलाविचारांचे वारे फिरले. आनंद कुमारस्वामी आणि बंगालमधील नव्या चित्रसंप्रदायाच्या पुरस्कर्त्यांना त्यांची चित्रे नाटकी आणि परकीय वळणाची वाटली. आरोपात तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्या घरांतून ही चित्रे पूजेत होती तेथे हा वाद पोचलाच नाही.

१९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बरेच काही नष्ट झाले. १९७९ मध्ये केंद्र सरकारने रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय कलाठेवा ठरवली. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्त्र नेसवलेल्या छापील तसबिरींनाही आता संग्राहकांत मागणी आहे आणि त्यातून एक अडचण उभी राहते. खळीच्या वासाने कसर लागते, रेशीम जागोजाग झिरपते, मणी सुटून चौकटीच्या तळाशी जमतात. दुरुस्तीसाठी पेटी उघडली की प्रश्न पडतो: जीर्ण कापड काढून टाकून खालचे चित्र मोकळे करावे, की कापडही तसेच राखावे? कापड ओढले तर त्याला चिकटलेला कागदाचा वरचा थरही निघून येतो. त्यामुळे पेटी बहुधा तशीच बंद केली जाते, तळाशी जमलेल्या मण्यांसह.