फ्रँक व्हिटल

नाशिकच्या पंचवटीतून मुंबई-आग्रा मार्गाने पुढे निघाले, की काही मैलांवर ओझर हे गाव लागते. तेथील कारखान्यात १९६० च्या दशकात मिग-२१ या जेट विमानांची बांधणी सुरू झाली. या विमानाच्या नाकावर फिरणारा पंखा नव्हता, तरीही ते ध्वनीपेक्षा अधिक वेगाने धावत असे. हे ज्या इंजिनामुळे शक्य झाले, त्याचा पाया घालणाऱ्यांत फ्रँक व्हिटल यांचे नाव अग्रभागी आहे.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरी झाला. वडील कुशल कारागीर होते. त्यांचा एक लहानसा कारखाना होता. तेथे वडिलांना मदत करता करता फ्रँकला यंत्रांची गोडी लागली. शाळेतील पाठांपेक्षा ग्रंथालयातील विमानविषयक पुस्तकांत त्याचे मन अधिक रमे.

१९२३ साली त्याने वायुदलात उमेदवारीसाठी अर्ज केला. परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. परंतु उंची जेमतेम पाच फूट असल्यामुळे त्याला परत पाठवण्यात आले. फ्रँक खचला नाही. त्याने नेमाने व्यायाम व योग्य आहार सुरू केला आणि काही महिन्यांत उंची तीन इंचांनी वाढवली. तरीही नकारच मिळाला. तेव्हा त्याने नव्याने अर्ज करून पुन्हा परीक्षा दिली आणि त्याच वर्षी वायुदलात प्रवेश मिळवला. पुढे तो निष्णात वैमानिक झाला.

१९२८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने भावी विमानांवर एक प्रबंध लिहिला. फार उंचावर हवा विरळ असते. तेथे विमानाला अडथळा कमी होतो, म्हणून वेग वाढवता येईल. परंतु त्या विरळ हवेत पंख्याची विमाने दुबळी पडतात. मग उपाय कोणता? पुढच्याच वर्षी त्याला तो सुचला. तोंड न बांधलेला फुगा हातातून सुटला, की आतील हवा मागे पळते व फुगा पुढे झेपावतो. विमानही असेच तप्त वायूच्या झोताने पुढे ढकलावे, असे त्याने ठरवले.

लोहार भात्याने वारा घालतो, तेव्हाच भट्टी रसरसते. जेट इंजिनातही आधी हवा दाबून भरावी लागते. हे काम करणारा भाग म्हणजे संपीडक, अर्थात कॉम्प्रेसर. दाबलेल्या हवेत इंधन जाळले, की तप्त वायू जोराने बाहेर पडू लागतो. वाटेत तो एक पात्यांचे चक्र फिरवतो. हे चक्र म्हणजे टर्बाइन. त्याच्याच शक्तीवर संपीडक चालतो. खरी अडचण येथेच होती. त्या काळचे संपीडक इतकी शक्ती वाया घालवीत, की टर्बाइनने मिळवलेले सारे तेच गिळून टाकीत आणि विमान ढकलण्यास फारसे काही उरत नसे. त्यामुळे सरकारी तज्ज्ञांनी ही कल्पना अव्यवहार्य ठरवली.

१९३० साली व्हिटल यांनी आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पाच वर्षांनी ते पुढे चालू ठेवण्यास पाच पौंड हवे होते. तेवढे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. सरकारनेही ते देण्याचे नाकारले. पेटंट रद्द झाले. पुढे दोन जुने वायुदलातील मित्र साहाय्यास धावले आणि १९३६ साली पॉवर जेट्स ही छोटी कंपनी उभी राहिली.

व्हिटल यांच्या संपीडकाची रचना साधी होती. ताक घुसळताना रवी फिरू लागली, की ताक मध्यातून मडक्याच्या कडेकडे फेकले जाते. तसेच एकोणीस इंच व्यासाचे एक चक्र मिनिटाला सतरा हजारांहून अधिक फेरे घेईल आणि हवा कडेकडे फेकील, अशी योजना होती. गोदावरीचे पाणी अरुंद पात्रातून रुंद पात्रात आले, की संथ होते. त्याचप्रमाणे ही वेगवान हवा रुंदावत जाणाऱ्या मार्गांतून नेली, की तिचा वेग घटतो व दाब वाढतो.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथे इंजिन प्रथम चालू केले. क्षणात ते किंचाळू लागले. इंधनाची झडप बंद केली, तरी वेग वाढतच गेला. आसपासची माणसे जीव घेऊन पळाली. व्हिटल मात्र जागेवरून हलले नाहीत. आत साचलेले इंधन जळून संपले, तेव्हा इंजिन शांत झाले. त्यांनी दोष शोधला आणि पुन्हा कामाला लागले.

याच काळात जर्मनीत हान्स फॉन ओहाइन हेही स्वतंत्रपणे असेच इंजिन घडवीत होते. त्यांच्या इंजिनावर जगातील पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. व्हिटल यांच्या इंजिनाचे विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेल येथे सतरा मिनिटे उडाले. ज्या क्रॅनवेलला त्यांनी शिक्षण घेतले, तेथेच त्यांचे स्वप्न आकाशात झेपावले.

पुढे संपीडकांत सुधारणा झाल्या. मोठ्या इंजिनांत पात्यांच्या एकामागून एक ओळी हवा दाबत सरळ मागे नेऊ लागल्या; मिग-२१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत अशा सहा ओळी होत्या. तथापि व्हिटल यांची पद्धत लोपली नाही. भारताच्या ध्रुव हेलिकॉप्टरमधील शक्ती इंजिनात हवा कडेकडे फेकणारे संपीडकच आहेत.

अतिश्रमाने व्हिटल यांची प्रकृती ढासळली. १९४८ साली ते वायुदलातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब व एक लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. पाच पौंडांअभावी ज्यांचे पेटंट रद्द झाले, त्यांच्याच कल्पनेच्या बळावर आज लक्षावधी माणसे समुद्र ओलांडून काही तासांत आप्तेष्टांना भेटतात.