हाल्डेन आणि मँचेस्टरचे काळे पतंग

गणित परीक्षेपुरतेंच, असें मानणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन ह्यांची ओळख करून देऊं इच्छितों. त्यांचा जन्म १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें झाला. विज्ञानाची पदवी त्यांनीं कधींच घेतली नाहीं, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें.

मँचेस्टरच्या परिसरांत रात्रीं उडणारे पांढुरके पतंग असत. १८४८ सालीं तेथें त्याच जातीचा एक काळा पतंग आढळला. पुढें गिरण्यांच्या धुरानें झाडें काळवंडलीं, आणि १९०१ पर्यंत पांढुरके बहुतेक नाहींसे झाले. हें सर्वांनीं पाहिलें होतें. हाल्डेन ह्यांनीं १९२४ सालीं तें मोजलें. ह्या पतंगांची वर्षाला एकच पिढी होते. तेव्हां अवघ्या पन्नासएक पिढ्यांत एवढा पालट व्हावयाचा, तर पांढुरक्यांचीं २ पिलें जगतात तेथें काळ्यांचीं निदान ३ जगलीं पाहिजेत, असें उत्तर निघालें. त्या काळच्या समजुतीच्या मानानें हा आंकडा फारच मोठा होता. पुढें १९५३ सालीं बर्मिंगहॅमजवळच्या रानांत दोन्ही रंगांचे पतंग सोडून पाहिले, तेव्हां पक्षी काळ्या खोडावरचा पांढुरका पतंग अधिक टिपतात असें दिसून आलें.

१९५७ सालीं हाल्डेन कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत आले व पुढें भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजीं भुवनेश्वर येथें ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठीं देण्यांत आला.