विश्लेषण : जंतू मेल्यावरही रुग्ण का दगावतो? रिचर्ड फायफर यांनी काय शोधले?

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरला आणि खेड, दापोलीकडच्या चाकरमान्यांनी गावाची वाट धरली. लोक शहर सोडत असताना १८९७ मध्ये जर्मनीहून एक वैद्यकीय आयोग मुंबईत आला. त्यात रिचर्ड फायफर होते. सेप्सिस समजून घ्यायचा तर त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

कोण होते फायफर?

जन्म १८५८ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या भागातला. पेशाने लष्करी डॉक्टर, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांचे सहकारी. त्यांनी कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले होते, तरी प्राणी मेले. म्हणजे विष जंतूच्या अंगातच होते. त्याला ‘एन्डोटॉक्सिन’ म्हटले गेले. प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्यांच्या पोटात जंतू फुटून विरघळतात, हेही त्यांनी १८९४ मध्ये दाखवले. मात्र जंतू जास्त असले, तर ते फुटल्यावर सुटलेल्या विषाने तो प्राणीही दगावे.

एवढा काटेकोर माणूसही चुकला. फ्लूचा जंतू सापडल्याचे त्यांनी १८९२ मध्ये जाहीर केले. तो रोग विषाणूमुळे होतो, हे १९३३ मध्ये सिद्ध झाले.

हे विष करते काय?

त्याचा घातक भाग स्निग्ध रेणू आहे, ‘लिपिड ए’. तो आपल्या पेशीत शिरला की कॅस्पेस-४ हे विकर जागे होते. मग गॅसडर्मिन डी नावाचे प्रथिन पेशीच्या आवरणाला भोके पाडते, पेशी फुटते आणि दाह पसरतो. मोजक्या पेशी फुटल्या तर जंतू अडतात. शरीरभर तेच झाले तर रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात. लावणीत पायाला जखम झाली आणि नंतर ताप, धाप, गुंगी आली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे ते यासाठीच.

उतारा स्निग्ध रेणूतच?

शरीरात दाह झाला की काही फॉस्फोलिपिडांचे ऑक्सिडीकरण होते. असे रेणू त्याच विकराला चिकटतात आणि लिपिड ए ची जागा अडवतात. उंदरांवरील प्रयोगांत त्यांनी सेप्टिक शॉकपासून संरक्षण दिले. माणसासाठी त्याचे औषध अजून नाही.

फायफर पुढे केनिग्सबर्ग आणि ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक होते. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. गॅसडर्मिन डी चे हे काम उलगडायला २०१५ उजाडले.