डाव्या हाताचा नेमबाज

कारोली टाकाच हे हंगेरीच्या सैन्यातील निष्णात नेमबाज होते. १९३८ साली लष्करी सरावाच्या वेळी एक सदोष हातबाँब त्यांच्या हातातच फुटला. ज्या उजव्या हाताने ते पिस्तूल चालवीत, तोच निकामी झाला. टाकाच खचले नाहीत. डाव्या हाताने नेम धरण्याचा अभ्यास त्यांनी गुपचूप आरंभिला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली! महायुद्धामुळे १९४० व १९४४ चे ऑलिंपिक सामने झाले नाहीत. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९४८ साली लंडन येथे, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी सुवर्णपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकी येथे महाराष्ट्राचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदकाचे मानकरी ठरले. त्याच सामन्यांत टाकाच यांनी पुन्हा सुवर्णपदक पटकाविले. १९७६ साली हा जिद्दी वीर निवर्तला.