श्रमिकांचा कैवारी कार्ल मार्क्स

मोझेल नदीच्या काठी ट्रिअर नावाचे एक प्राचीन नगर आहे. त्या काळी ते प्रशियाच्या राज्यात मोडत असे. तेथे ५ मे १८१८ रोजी कार्ल मार्क्सचा जन्म झाला. वडील वकील होते व मुलानेही वकील व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार कार्ल प्रथम बॉन व नंतर बर्लिन येथे कायदा शिकण्यास गेला. परंतु त्याचे मन रमले ते तत्त्वज्ञानात. १८४१ मध्ये येना विद्यापीठाने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी तो कोलोन येथील एका वृत्तपत्राचा संपादक झाला.

ऱ्हाईन प्रांतातील गोरगरीब जंगलात पडलेले वाळके सरपण गोळा करीत. ही वहिवाट फार जुनी होती. परंतु वनांच्या मालकांचे हित पाहून तिला चोरी ठरविणारा कायदा प्रांताच्या सभेत चर्चेस आला. मार्क्सने त्यावर कडाडून टीका केली. कायदा सर्वांना सारखा म्हणतात. पण तो मालमत्ता असलेल्यांच्या बाजूने झुकतो, हे त्याला दिसून आले. असे का व्हावे, या प्रश्नाने त्याला अर्थशास्त्राकडे वळविले. १८४३ मध्ये सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडले.

त्याच वर्षी उमराव घराण्यातील जेनी हिच्याशी विवाह करून मार्क्स पॅरिसला गेला. तेथे १८४४ मध्ये फ्रेडरिक एंगल्सशी त्याचा स्नेह जडला. एंगल्स हा गिरणीमालकाचा मुलगा; पण मँचेस्टरच्या कामगारांची दैना त्याने डोळ्यांनी पाहिली होती. या दोघांनी मिळून १८४८ मध्ये ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ प्रसिद्ध केला.

मार्क्सच्या विचाराचा गाभा असा होता : अन्न, वस्त्र व निवारा मिळविण्यासाठी मनुष्याला प्रथम उत्पादन करावे लागते. उत्पादनाची साधने ज्यांच्या हाती, सत्ताही त्यांच्याच हाती जाते. पूर्वी मालक व गुलाम, पुढे सरंजामदार व भूदास आणि यंत्रयुगात भांडवलदार व कामगार असे वर्ग निर्माण झाले. त्यांच्या हितसंबंधांतील झगड्याला त्याने वर्गविग्रह म्हटले व इतिहासाची चक्रे त्यानेच फिरतात, असे प्रतिपादन केले. रॉबर्ट ओवेनसारख्या आधीच्या समाजवाद्यांची भिस्त धनिकांच्या सद्बुद्धीवर होती. मार्क्सला ती आशा फोल वाटे. कामगारांनी स्वतः संघटित व्हावे, क्रांती करून सत्ता हाती घ्यावी आणि उत्पादनाची साधने साऱ्या समाजाच्या मालकीची करावी, असे त्याचे मत होते.

या मतांची किंमत त्याला मोजावी लागली. फ्रान्स, बेल्जियम व प्रशिया या देशांनी त्याला हद्दपार केले. १८४९ मध्ये तो लंडनला आला. तेथे दोन लहानशा खोल्यांत त्याचा संसार चाले. कधी अंगावरचा कोटही गहाण पडे. पहिल्या सहा वर्षांत त्याची तीन अपत्ये दगावली. त्यांतील एका मुलीच्या शवपेटीसाठी पैसे उसने आणावे लागले. तरीही तो ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचन करीत बसे. मित्राचे कार्य अडू नये म्हणून एंगल्सने मँचेस्टरच्या गिरणीत सुमारे वीस वर्षे नावडती नोकरी केली. गिरणीच्या नफ्यावर टीका करणारा ग्रंथ असा गिरणीच्याच पैशावर सिद्ध झाला.

‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्ये निघाला. समजा, एक कामगार बारा तास राबतो. पहिल्या सहा तासांतच तो आपल्या मजुरीइतके मूल्य निर्माण करतो. उरलेल्या सहा तासांच्या श्रमाचा मोबदला त्याला मिळत नाही. ते मूल्य मालकाकडे जाते. यालाच मार्क्सने वरकड मूल्य म्हटले. नफ्याचा उगम यातच आहे, असा त्याचा सिद्धांत होता.

हिंदुस्थानकडेही त्याचे लक्ष होते. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावू लागली. त्याच वर्षी त्याने एका अमेरिकन वृत्तपत्रात लिहिले, की इंग्रजांनी स्वार्थासाठी बांधलेल्या लोहमार्गांतून या देशात आधुनिक उद्योग उभे राहतील. परंतु हिंदी लोकांनी परसत्तेचे जोखड झुगारल्यावाचून किंवा इंग्लंडात कामगारांचे राज्य आल्यावाचून त्यांची फळे हिंदी जनतेला मिळणार नाहीत.

१८६४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. मार्क्स तिचा प्रमुख मार्गदर्शक होता. कामाचा दिवस आठ तासांचा असावा, ही मागणी तिने १८६६ मध्ये केली. पुढे प्रकृती खालावली. १८८१ मध्ये जेनी निवर्तली आणि १४ मार्च १८८३ रोजी मार्क्सने देह ठेवला. अंत्यविधीला जेमतेम दहा-बारा माणसे होती. ‘भांडवल’चे उरलेले दोन खंड एंगल्सने मित्राच्या टिपणांवरून १८८५ व १८९४ मध्ये प्रसिद्ध केले.

१९१७ मध्ये रशियात व १९४९ मध्ये चीनमध्ये त्याचे नाव घेऊन क्रांत्या झाल्या. त्याच नावाने चाललेल्या काही राजवटींनी नागरिकांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले व लक्षावधी माणसे प्राणांस मुकली. सोव्हिएट संघराज्य १९९१ मध्ये लयास गेले. मार्क्सच्या सिद्धांतांविषयी विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. परंतु जो राबतो तोच उपाशी का राहतो, या प्रश्नाचे उत्तर दयाधर्मात न शोधता समाजाच्या रचनेत शोधले पाहिजे, ही दृष्टी त्याने जगाला दिली. आणि तिच्यासाठी त्याने आपला सारा संसार पणाला लावला.