अर्धशिशी आणि ह्वा तुओ

अर्धशिशी उठली की आधी समोरचा स्क्रीन अर्धा दिसेनासा होतो, मग उजवी कानशिलं ठणकायला लागतात. ऑकलंडला आल्यापासून महिन्यातून दोनदा हे ठरलेलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, फोनवरून आईचा सुंठीच्या लेपाचा आग्रहही चालू आहे. शेवटी ऑफिसातला एक चिनी मित्र मला डॉमिनियन रोडवरच्या चिनी औषधांच्या दुकानात घेऊन गेला. भिंतभर लाकडी खण, आणि वर एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. हे कोण, म्हणून मित्राला विचारलं, आणि पुढचे पंधरा दिवस त्या म्हाताऱ्याबद्दलच वाचत बसलो.

तो ह्वा तुओ. आपण धन्वंतरीचं नाव घेतो तसं चिनी लोक याचं घेतात, फक्त हा खराखुरा होऊन गेलेला माणूस. दुसऱ्या शतकात, आजच्या आन्ह्वे प्रांतातल्या बोजौचा. सरकारी नोकरी चालून आली तरी घेतली नाही, गावोगाव फिरून औषधं देत राहिला. काढ्यात मोजकीच औषधं, तीही तराजू न लावता हाताच्या अंदाजाने. पोट उघडायची वेळ आली तर दारूतून एक चूर्ण पाजून रोग्याला बेशुद्ध करायचा, अशी जुन्या इतिहासात नोंद आहे. त्या चूर्णाची कृती मात्र उरलेली नाही.

मला आवडली ती दोन कारकुनांची गोष्ट. दोघांचं डोकं दुखत होतं, दोघांना ताप होता, तक्रार तंतोतंत तीच. ह्वा तुओने एकाला रेच दिला, दुसऱ्याला घाम आणणारं औषध. लोक चक्रावले. एकाचा रोग आतला, दुसऱ्याचा बाहेरचा, असं त्याचं कारण होतं. सकाळी दोघेही उठून बसले. सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच पटतं: एरर तोच, पण बग वेगळा.

तिसरी डोकेदुखी मात्र महागात पडली. उत्तर चीनचा सर्वेसर्वा त्साओ त्साओ त्याच्याच गावचा. त्याचं डोकं असं उठायचं की काही सुचायचं नाही. ह्वा तुओने सुई टोचली की थांबायचं, काही दिवसांनी पुन्हा सुरू. हे लवकर मुळापासून जाणारं नाही, सतत उपचार केले तर आयुष्य वाढेल एवढंच, असं त्याने स्पष्ट सांगितलं. पुढे औषधाची कृती आणायला म्हणून तो घरी गेला आणि बायकोच्या आजारपणाचं निमित्त करून तिथेच राहिला. त्साओ त्साओने माणसं पाठवली: बायको खरंच आजारी असेल तर चाळीस मापं कडधान्य द्या आणि रजा वाढवा, खोटं असेल तर बांधून आणा. खोटंच निघालं. दरबारातल्या श्युन यूने रदबदली केली, पण उपयोग झाला नाही. मरण्याआधी ह्वा तुओने आपली पोथी तुरुंगाच्या रखवालदारापुढे धरली. तो घाबरला, घेईना. मग ह्वा तुओने ती जाळून टाकली.

आपल्या जीवकाची गोष्ट आठवते ना? त्यानेही उज्जैनच्या चंडप्रद्योताला औषध पाजून पळ काढला होता, पण तो राजा बरा होऊन उलट खूश झाला. त्साओ त्साओला शेवटपर्यंत वाटत होतं की वैद्याने आपलं महत्त्व राखायला दुखणं मुद्दाम शिल्लक ठेवलं. इ.स. २०८ मध्ये त्याचा लाडका, हुशार मुलगा त्साओ छुंग आजारी पडून गेला, तेव्हा मात्र तो ह्वा तुओला मारल्याबद्दल हळहळला.

दुकानातल्या बाईंनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, चालू गोळ्यांची यादी मागितली. तीन महिने लागतील आणि पूर्ण जाईलच असं नाही, म्हणाल्या. खरं सांगायचं तर मीही जरा खट्टू झालो. पुड्या आणल्यात, पण अजून फोडलेल्या नाहीत. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा त्यांना दाखवीन.