लोकमान्य टिळक : शेंगांच्या पुढची गोष्ट

१ ऑगस्ट आला की शाळेत पाच-सहा जण तरी टिळकांवर भाषण करतात आणि सगळ्यांच्या भाषणात शेंगांची टरफलं असतातच. गोष्ट चांगली आहे, पण टिळक तेवढेच नव्हेत. आज त्यांच्यातला संपादक बघूया.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. १८८१ च्या जानेवारीत आगरकर व इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू केली. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल दुसऱ्याच वर्षी दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी वाचता येत नव्हतं असं नाही, पण सगळी पत्रे कोण वाचणार? म्हणून सरकारने भाषांतरकार नेमले होते. देशी वर्तमानपत्रांत काय छापून आलं, त्याचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार व्हायचा आणि साहेबांच्या टेबलावर जायचा. म्हणजे केसरी वाचणाऱ्यांत एक वाचक असा होता, जो फक्त चूक शोधायला वाचत होता.

याने काय होतं? माझ्या वर्गात मी मुलांना रोजनिशी लिहायला लावली. तपासणार म्हटलं, तर सगळ्यांनी सकाळी उठलो, दात घासले, एवढंच लिहिलं. तपासणार नाही म्हटलं, तेव्हा कुठे एकीने लिहिलं की घरी रोज भांडण होते. मी तर साधी शिक्षिका. वर सरकार बसलं असेल तर?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. तपासणीच्या नावाखाली लोकांच्या घरात सोजीर शिरत होते, त्यावर केसरीने कडक लिहिलं. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्याच महिन्यात टिळकांना अटक झाली, केसरीतल्या मजकुरासाठी. शिक्षा दीड वर्षाची. न्यायाधीश स्ट्रॅची यांनी राजद्रोहाचा अर्थ इतका ताणला की सरकारबद्दल प्रेम नसणे हाच गुन्हा ठरावा! पुढच्याच वर्षी कायदाही आणखी रुंद केला गेला.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर केसरीत लेख आले. बॉम्बची बाजू त्यांत नव्हती, दडपशाहीने हे थांबणार नाही असं टिळक सांगत होते. २४ जूनला पुन्हा अटक. घरझडतीत एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यावर टीका लिहायला ती टिपली होती, असं टिळकांनी सांगितलं. पण घरातली चिठ्ठी कोर्टात पुरावा झाली. स्वतःचा बचाव त्यांनी स्वतःच केला, अनेक दिवस बोलले, आपल्या मराठी शब्दांचे सरकारी भाषांतर कुठे चुकले ते दाखवत राहिले. नऊ ज्युरींपैकी सात विरोधात गेले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड.

मंडालेत पत्रेही तपासूनच आत-बाहेर जात. तिथेच त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं. १९१४ ला सुटले तेव्हा त्या वह्या सरकारकडेच राहिल्या होत्या, नंतर परत मिळाल्या.

सुटल्यावर तरी पाठ सुटली का? नाही. १९१६ मध्ये बेळगाव-अहमदनगरला होमरूलची भाषणे झाली, तेव्हा पोलिसांचे लोक समोर बसून लघुलिपीत शब्द न् शब्द उतरवत होते. त्यावरून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले.

आपल्या वणीचे बापूजी अणे हे टिळकांचे पक्के अनुयायी, बरं का. त्यांनी यवतमाळहून साप्ताहिक काढलं, त्याला 'लोकमत' हे नाव टिळकांनीच दिलं. यंदाच्या भाषणात शेंगांनंतर एवढं तरी नक्की घ्या. वेळ कमी असेल तर शेंगा थोड्या कमी करा.